मुका राजा

१९२२च्या जानेवारीअखेर बर्लिनमध्ये एक मूकपट लागला. नाव लॅटिन, 'फ्रिडेरिकस रेक्स', म्हणजे फ्रेडरिक राजा, अठराव्या शतकातला, जर्मनीतल्या प्रशिया राज्याचा. दिग्दर्शक आर्झेन फॉन चेरेपी. पहिले दोन भाग तेव्हा आले, उरलेले दोन पुढच्या वर्षी. जर्मनीचा सम्राट कैसर देश सोडून हॉलंडला पळाला त्याला जेमतेम सव्वातीन वर्षे झाली होती. व्हर्सायच्या तहाने सैन्य एक लाखावर आणून ठेवलेले, झेंड्याचे रंगही बदललेले. अशा शहरात पडद्यावर निळ्या कोटातल्या प्रशियन पलटणी पाय आपटत निघाल्या, पडद्याखाली बसलेल्या वाद्यवृंदाने संचलनाची धून धरली आणि अंधारातले प्रेक्षक टाळ्या पिटू लागले. बाहेर प्रजासत्ताक होते. आत दीड-दोन तास राजाची स्वारी होती.

प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांना हे खुपले नसते तरच नवल. सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या 'फोरवेर्ट्स' या मुखपत्राने कामगारांना बहिष्काराची हाक दिली. पोलिसांनीच खेळ थांबवावेत, अशीही मागणी झाली. उपयोग शून्य. चित्रपट धो धो चालला. त्यातला राजा, ओट्टो गेब्यूर नावाचा नट, पुढची वीस वर्षे तीच भूमिका करत राहिला. त्याचा शेवटचा फ्रेडरिक १९४२चा.

या प्रसंगाकडे आज दोन तऱ्हांनी पाहिले जाते. एक पक्ष म्हणतो, बघा, तेव्हाच बंदी घातली असती तर पुढचे टळले असते. दुसरा म्हणतो, सिनेमा तो सिनेमा, त्याने काय राज्ये बुडतात? मला दोन्ही पटत नाहीत. चित्रपट घातक होता, असेच माझे मत आहे. पण बंदी मागणाऱ्यांनी आपल्याच हाताने जी वाट मळली, तिच्यावरून आठ वर्षांनी वेगळीच माणसे चालत आली. आणि मधल्या काळात त्या चित्रपटाचा खरा डाव काय आहे, हे पाहायला फारसे कुणी थांबले नाही.

आधी राजाविषयी. बाजीराव पेशवे रावेरखेडीला वारले ते २८ एप्रिल १७४० रोजी. त्यानंतर सुमारे महिन्याने, ३१ मेला, फ्रेडरिक प्रशियाच्या गादीवर आला. म्हणजे आपल्या नानासाहेबांचा तो अगदी बरोबरीचा. आल्या आल्या त्याने कैद्यांचा छळ करून जबाब घेण्याची पद्धत जवळजवळ बंद केली. ज्याने त्याने आपापल्या रीतीने मोक्ष मिळवावा, असे लिहून धर्माच्या बाबतीत सैल धोरण ठेवले. राज्यकर्त्याने कपट करू नये असे सांगणारे त्याचे पुस्तक त्याच वर्षी छापून आले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने शेजारच्या ऑस्ट्रियाच्या ताब्यातील सायलेशियावर, हक्काचा जेमतेम आधार पुढे करून, फौजा घातल्या. व्हॉल्टेअरला दरबारी बोलावले, तीनेक वर्षे जवळ ठेवले, मग दोघांचे इतके बिनसले की परतीच्या वाटेवर फ्रँकफुर्टला व्हॉल्टेअरला अडकवून ठेवण्यात आले. बासरी उत्तम वाजवायचा. पोलंडची पहिली वाटणी केली त्या तिघांत हा होता. शेतकऱ्यांना बटाटे लावायला लावले, पण जमीनदारांच्या शेतावर बांधलेली वेठ काही सोडवली नाही. ज्यूंवर जाचक नियम लादले.

इतके सारे एका माणसात असले की त्याला वादग्रस्त म्हणायचे. हा शब्द हल्ली आपण फार स्वस्तात वापरतो. ज्याच्यावरून दोन गट भांडतात तो वादग्रस्त, एवढाच अर्थ उरला आहे. फ्रेडरिकचे तसे नाही. इथे भांडण दोन गटांत नंतर लागले; आधी ते त्या माणसाच्या पोटातच होते.

चित्रपटाने यातले काय उचलले? युद्धे तर उचललीच. पण पहिल्या भागांचा जीव बाप-लेकाच्या गोष्टीत आहे. बाप फ्रेडरिक विल्हेल्म पहिला, 'शिपाई राजा' म्हणून प्रसिद्ध, चाबूकबहाद्दर. मुलगा पुस्तके आणि संगीत यांत रमणारा. १७३०मध्ये अठरा वर्षांच्या या मुलाने पळून जायचा बेत केला. बेत फुटला. त्याला साथ देणारा मित्र, लेफ्टनंट काट्टे, पकडला गेला. लष्करी न्यायालयाने काट्टेला जन्मठेप दिली होती. राजाने ती स्वतः वाढवून मृत्युदंड केली. ६ नोव्हेंबरला क्यूस्ट्रिनच्या किल्ल्यात युवराजाला खिडकीशी उभे करून काट्टेचे डोके उडवण्यात आले.

हा प्रसंग कुणाच्याही हाती दिला तरी तो बापाविरुद्धच जाईल, असे वाटते ना? चित्रपटाची करामत इथे आहे. तो प्रसंग लपवत नाही, उलट ठसठशीत दाखवतो. आणि मग मुलगा वाकतो, बापाचे शिस्तीचे वेड हेच राज्याचे हित होते असे त्याला उमगते, समेट होतो, मुलगा राजा होतो आणि बापाहून मोठा राजा होतो. प्रेक्षक आधी मुलाबरोबर बंड करतो, मग मुलाबरोबरच शरण जातो, आणि शरण गेल्याचे बक्षीस म्हणून शेवटी त्याला पलटणी मिळतात. १९१८ साली ज्या लोकांनी राजाला घालवले होते, त्यांच्या मनातली टोचणी या गोष्टीने किती अलगद काढून घेतली असेल! तुम्ही बंड केलेत, ठीक आहे, पोरवयात होते तसे. आता घरी या.

ज़ीगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकाने हे बंड आणि शरणागतीचे सूत्र नेमके पकडले. पण ते पुस्तकात आले १९४७ साली, तो निर्वासित होऊन न्यूयॉर्कला जाऊन राहिल्यावर. त्याच्याशी माझे एक भांडणही आहे. हिटलर आला हे माहीत असताना मागे वळून पाहिले की प्रत्येक चित्रपट हिटलरकडे नेणारी पायरी दिसायला लागते. १९२२ साली टाळ्या पिटणारा बर्लिनचा कारकून काही मनात नाझी नव्हता. त्याचा पगार महागाईत विरघळत होता, त्याला दोन तास कुठेतरी सरळ रांगेत चालणारी माणसे पाहायची होती. त्याला फक्त हे कुणी सांगितले नाही की ही रांग तुला कुठे घेऊन चालली आहे.

आता मुकेपणाची गोष्ट. मूकपटात नट बोलत नाहीत, मधे मधे पाट्या येतात आणि त्या वाचायच्या. यात एक मोठीच सोय झाली. खरा फ्रेडरिक फ्रेंच बोलायचा. लिहायचा फ्रेंचमध्ये, कविता फ्रेंचमध्ये, पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये, त्याच्या राजवाड्याचे नाव 'साँ-सूसी' हेही फ्रेंच. जर्मन भाषा आपल्याला गाडीवानासारखी येते असे तो म्हणाल्याचे सांगतात. १७८०मध्ये त्याने जर्मन साहित्यावर एक पुस्तिका लिहिली, तीही फ्रेंचमध्ये, आणि तिच्यात त्या साहित्याला फारशी किंमत दिली नाही. गटे तेव्हा तिशीत होता आणि गाजलेला होता. या राजाला त्याचे कौतुक नव्हते.

म्हणजे फ्रान्सकडून हरलेल्या, फ्रान्सला खंडणी भरणाऱ्या जर्मनीने आपल्या जखमेवर जो पुरुष लेप म्हणून लावला, तो तोंड उघडताच फ्रेंच बोलला असता. पडद्याने त्याला मुका केला, आणि पाटीवर जर्मन अक्षरे आली. यात खोटे असे एकही वाक्य नाही. कुणी तक्रार केली असती तर निर्मात्याने हात वर केले असते: बाबांनो, सगळेच मुके आहेत! ऐतिहासिक चित्रपटातले खोटे हे बहुधा असे असते. सनावळीत सापडत नाही. आमच्याकडे ऐतिहासिक चित्रपट आला की पगडी त्या काळची आहे का, अमुक सरदार त्या लढाईत होता का, यावर महिनाभर चर्चा झडते. झडू दे, मलाही त्यात रस असतो. पण पगडी बरोबर असलेला चित्रपट अख्खाच्या अख्खा खोटा असू शकतो.

एक गंमत सांगतो. हा चित्रपट थिएटरांत पोचवणाऱ्या ऊफा या बड्या जर्मन चित्रपट कंपनीने १९१९ साली अर्न्स्ट लुबिचकडून फ्रेंच राजा पंधराव्या लुईच्या रखेलीवर चित्रपट करवून घेतला होता आणि पुढच्या वर्षी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या राणीवर. दोन्हीतला राजा एमिल यानिंग्स: बायकांमागे लागलेला, खाण्यापिण्यात बुडालेला, लहरी. परक्याचा राजा असला की अंतःपुराच्या दाराने आत शिरायचे आणि आपला असला की रणांगणाच्या. हा नियम काही जर्मनांनीच शोधला नाही म्हणा.

तर, बंदी मागणाऱ्यांचे म्हणणे. त्यांना हसण्यावारी नेणे अन्याय होईल. १९२०च्या मार्चमध्ये काप नावाच्या सनदी अधिकाऱ्याने काही लष्करी तुकड्यांच्या जोरावर बर्लिन बळकावले होते. कामगारांच्या सार्वत्रिक संपाने ते बंड मोडले. १९२१च्या ऑगस्टमध्ये युद्धबंदीवर सही करणारे एर्त्सबेर्गर यांचा खून झाला. चित्रपट आल्यावर पाच महिन्यांच्या आत परराष्ट्रमंत्री राटेनाऊ यांना भर रस्त्यात मोटारीत गोळ्या घातल्या. ज्यांच्या माणसांचे असे मुडदे पडत होते, त्यांना पडद्यावरच्या पलटणी नुसती करमणूक वाटल्या नाहीत, यात त्यांची चूक नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित पत्रकावर सही केली असती.

पण त्यांच्या हाती हत्यार कोणते होते ते पाहा. नव्या राज्यघटनेने सेन्सॉरशिप रद्द केली होती, एकटा सिनेमा सोडून. १९२०च्या मे महिन्यात चित्रपटांचा कायदा झाला. बर्लिन आणि म्युनिकला तपासणी मंडळे बसली. कायद्यात एक वाक्य फार चांगले होते: केवळ राजकीय, सामाजिक, धार्मिक वा नैतिक कल पाहून परवानगी नाकारता येणार नाही. शेजारी दुसरी वाक्ये होती: सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात येत असेल, धर्मभावना दुखावत असतील, जर्मनीच्या प्रतिष्ठेला धक्का बसत असेल, तर नाकारता येईल. कायद्याचा अनुभव असलेल्या कुणालाही विचारा, अशा शेजारात पहिले वाक्य किती दिवस टिकते.

'फ्रिडेरिकस'मुळे सुव्यवस्था धोक्यात येते, असे डावे म्हणत होते. मंडळांना ते पटले नाही, आणि कायद्याच्या चांगल्या वाक्याला धरून पाहिले तर तो निर्णय चूक म्हणता येत नाही. मग १९२६ साली सोव्हिएत रशियाचा 'पोटेमकिन' आला. आधी बंदी, मग कात्री लावून परवानगी, मग पुन्हा बंदी, पुन्हा परवानगी. सैनिकांना तो पाहायला मनाई झाली. राजाच्या पलटणीने जी सुव्यवस्था ढळत नव्हती, ती खलाशांच्या बंडाने ढळायला लागली.

आणि १९३०चा डिसेंबर. रेमार्कच्या युद्धविरोधी कादंबरीवरचा अमेरिकन चित्रपट बर्लिनला लागला. गोबेल्स आपली माणसे घेऊन थिएटरात शिरला. त्यांनी दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या, पांढरे उंदीर सोडले, रस्त्यावर मोर्चे काढले. सहा-सात दिवसांत, ११ डिसेंबरला, वरिष्ठ मंडळाने चित्रपटाची परवानगी काढून घेतली. कारण: जर्मनीच्या प्रतिष्ठेला धक्का. त्यानंतर आठच दिवसांनी ओट्टो गेब्यूरचा पुढचा फ्रेडरिक, साँ-सूसीतल्या बासरीच्या मैफलीवरचा बोलपट, झळकला. डाव्यांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. तो चालूच राहिला. आता राजाला कंठही फुटला होता, आणि तो अर्थातच जर्मन बोलत होता.

माझे सारे म्हणणे या दोन आठवड्यांत आहे. दंगा होईल म्हणून चित्रपट थांबवा, हा नियम दिसायला सगळ्यांना सारखा असतो. प्रत्यक्षात तो दंगा करू शकणाऱ्याच्या मालकीचा असतो. 'फोरवेर्ट्स'च्या संपादकांकडे उंदीर नव्हते. पटले नाही की अग्रलेख लिहिणारी, फार तर फाटकाशी घोषणा देणारी ती माणसे. अशा माणसांनी बंदीचा खेळ खेळूच नये. त्यात त्यांचा पत्ता कधीच लागत नाही. शिवाय मंडळांवर, न्यायालयांत, पोलीस खात्यात बसलेली बरीच माणसे कैसरच्या काळातली होती. 'प्रतिष्ठा' या शब्दाचा अर्थ तीच लावणार होती.

त्याच १९३० साली मुंबई इलाख्यात प्रभात कंपनीचा शिवाजी महाराजांवरचा मूकपट सेन्सॉरपुढे गेला. नाव होते 'स्वराज्याचे तोरण', महाराजांच्या भूमिकेत स्वतः व्ही. शांताराम. 'स्वराज्य' हा शब्द सरकारला पचला नाही. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. नाव बदलून 'उदयकाल' करावे लागले तेव्हा चित्रपट सुटला. बर्लिनमध्ये राजाचा चित्रपट सत्तेला मागे खेचत होता आणि इथे राजाचाच चित्रपट सत्तेला हादरे देत होता. तरी सेन्सॉरची भाषा दोन्हीकडे एकच, शांतता आणि सुव्यवस्था. त्या भाषेला इतिहास कळत नाही, तिला फक्त खुर्ची कळते. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात, एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवनराम, स्पष्ट सांगितले की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमक्या आहेत म्हणून राज्याला अभिव्यक्ती दाबता येणार नाही. बंदोबस्त ठेवणे हे राज्याचे काम आहे. निकाल उत्तम आहे. तो सांगूनही आता पस्तीस वर्षे उलटून गेली. त्यानंतर आपल्या गावातली किती थिएटरे काचा फुटायच्या भीतीने खेळ रद्द करून बसली, ते ज्याने त्याने आठवावे.

बंदी नको, तर मग काय हवे होते? 'चांगल्या चित्रपटाने उत्तर द्या' हे उत्तर तोंडावर फेकायला सोपे आहे. पैसा कुणाचा? ऊफा कंपनी मुळात १९१७ साली लष्कराच्या पुढाकाराने उभी राहिलेली, आणि १९२७मध्ये ती हुगेनबेर्ग या कट्टर राष्ट्रवादी वृत्तपत्रमालकाच्या हाती गेली. थिएटरांची साखळी त्याची, बातमीपट त्याचे, वर्तमानपत्रे त्याची. एकट्या फ्रेडरिकवर दुसरा चित्रपट काढून हे पारडे फिरले नसते.

मला दुसरेच वाटते. बंदीच्या मागणीने सगळ्यात मोठे नुकसान केले ते हे की वाद फ्रेडरिकवर नेला. राजा थोर की जुलमी? तुम्ही राजाच्या बाजूचे की विरुद्ध? चित्रपटाला हेच हवे होते. एकदा प्रश्न असा पडला की सामान्य माणूस आपल्या आजोबांच्या भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहतो आणि म्हणतो, विरुद्ध कसा असेन? प्रजासत्ताकवाद्यांना हा राजा टाकून द्यायची गरज नव्हती. छळ बंद करणारा, सगळ्या धर्मांना जागा देणारा, फ्रेंच कविता करणारा फ्रेडरिक त्यांच्याच कामाचा होता. तो त्यांनी दुसऱ्यांच्या पदरात अख्खा टाकला. भांडायचे होते ते काट्टेच्या वधानंतरच्या त्या समेटावर: हा मुलगा वाकला ते शहाणपणाने की मोडून गेल्यामुळे? हा प्रश्न थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बापाला आणि मुलाला विचारता आला असता, आणि त्याला पोलीस लागले नसते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यात गेब्यूर कुठे कुठे डोकावतो ते पाहण्यासारखे आहे. ३० जानेवारी १९३३ला हिटलर चान्सेलर झाला आणि आठवडाभरात फ्रेडरिकच्या ल्यूथेनच्या लढाईवरचा गेब्यूरचा नवा बोलपट पडद्यावर आला. २१ मार्चला पॉट्सडॅमच्या गॅरिसन चर्चमध्ये, जिथे बाप-लेक दोघे राजे पुरलेले होते तिथेच, हिंडेनबुर्ग आणि हिटलर यांचा सोहळा झाला. फ्रेडरिक, बिस्मार्क, हिंडेनबुर्ग, हिटलर असे चार चेहरे एका ओळीत छापलेली पोस्टकार्डे निघाली. लोकांना ती ओळ ओळखीची वाटली, कारण पहिला चेहरा अकरा वर्षे थिएटरात पाहिलेला होता.

'फ्रिडेरिकस रेक्स'च्या शेवटच्या भागाचे नाव होते 'नशिबाचे वळण'. सात वर्षांच्या युद्धात फ्रेडरिक जवळजवळ संपला असताना, १७६२च्या जानेवारीत रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली, तिच्या जागी फ्रेडरिकचा भक्त गादीवर आला आणि रशिया युद्धातून बाजूला झाला. १२ एप्रिल १९४५ला रूझवेल्ट गेले, तेव्हा गोबेल्सने फोनवर हिटलरचे अभिनंदन केले: वळण आले! हिटलरच्या तळघरात भिंतीवर फ्रेडरिकचे चित्र होते. ज्यांनी ही दंतकथा वीस वर्षे विकली त्यांनीच ती शेवटी विकत घेतली, आणि रशियाचा तोफखाना तेव्हा ओडर नदीवर, काट्टेच्या क्यूस्ट्रिनपाशी उभा होता.

युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारने १९५०मध्ये बर्लिनच्या हमरस्त्यावरचा फ्रेडरिकचा घोड्यावरचा पुतळा काढून पॉट्सडॅमला हलवला. तीस वर्षांनी, १९८० साली, त्याच राजवटीने तो पुन्हा जागेवर आणून बसवला. खुद्द राजाची इच्छा साँ-सूसीच्या गच्चीवर आपल्या कुत्र्यांशेजारी पुरले जाण्याची होती. ती पुरी व्हायला १७ ऑगस्ट १९९१ उजाडावा लागला. तेव्हाही चान्सेलर कोल हजर राहिले म्हणून टीका झालीच. तिथे साधी दगडी फरशी आहे. येणारे-जाणारे तिच्यावर फुले ठेवतात, आणि बरेच जण बटाटे.